जडगोळ्याचा नियम

जळगाव
१० सप्टेंबर २०२५

प्रिय हेमा,

परवा फोनवर आपण पाऊण तास भांडलो आणि शेवटी काय ठरलं ते मला काल सकाळी आठवेना. म्हणून यापुढे खेळाबद्दलचं सगळं कागदावर. तशीही नवी कार्डं तुला पार्सलनेच पाठवते. सोबत दोन पानं जास्त गेली तर काय बिघडतं?

पुण्याच्या प्रकाशकांना आपली अंतराळयानांची लढाई पसंत आहे. १ डिसेंबरपर्यंत पक्के नियम हवेत. आणि त्यांचं एक म्हणणं असं की पुस्तिकेत प्रत्येक शस्त्रापुढे एक छोटी चौकट असावी: हे शस्त्र असं का? दोन ओळींत. खेळणाऱ्याला पटलं पाहिजे.

किरणाचं लिहून झालं. लगेच पोचतो, पण अंतर वाढलं की विरळ होतो, आणि सोडणारं यान तापतं. छर्ऱ्यांचंही झालं. जडगोळ्यापाशी मी आठ दिवस अडकले आहे. घराएवढा लोखंडाचा गोळा. सुटला की सरळ रेषेत जातो, पोचायला तीन पाळ्या लागतात, आणि पटावरच्या ज्या घरात पोचेल तिथे जे असेल ते फुटतं, दुसऱ्याचं असो की आपलं. इथवर छान. पण पुढे तुझा नियम आहे: सोडणाऱ्याला तो वाटेत केव्हाही रद्द करता येतो. मे महिन्यात तू तो घातलास. मी का म्हणून विचारलं तर म्हणालीस, असू दे. मी असू दिला. आता चौकटीत काय लिहू?

मी, मोईज आणि आयत भाभी मिळून चाळीस डाव खेळलो. एकतीस वेळा ज्याच्याकडे जडगोळे जास्त तोच जिंकला. भाभी तर डोळे मिटून चारी दिशांना गोळे सोडते, कारण मध्ये आपलं यान आलं तर गोळा पुसायचा, झालं. समोरचा कोपऱ्यात अंग चोरून बसतो. याला लढाई म्हणायची का? पत्रिका छापताना माझं लक्ष यात असतं. काल एका नवरदेवाचं आडनाव चुकलं, अब्बांनी शंभर पत्रिका बाजूला काढल्या.

नाना ट्रक घेऊन नरडाण्याच्या फेरीवर आहेत ना? जळगावला माल घेऊन आले तर प्रेसवर थांबायला सांग. अब्बा विचारत होते, अभिमनभाऊ तीन वर्षांत चहाला आले नाहीत.

तुझी,
नाजमीन


धुळे
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय नाजू,

चौकटीत लिही: "गोळ्याच्या पोटात सुरुंग असतो. सोडणाऱ्याने संदेश पाठवला की गोळा वाटेतच फुटतो." घराएवढं लोखंड सोडणारा कोणता शहाणा माणूस ते थांबवायची सोय ठेवणार नाही? मी क्लासमध्ये दिवसाचे सहा तास भौतिकशास्त्र शिकवते, एवढं तरी मला कळतं.

एकतीस डावांचं म्हणशील तर भाभी मुळातच हुशार आहे. तिच्या हाती छर्रे दिलेस तरी तीच जिंकेल.

नाना बरे आहेत. सध्या लांबच्या फेऱ्या घेत नाहीत. त्यांना आपला खेळ आवडलाय. क्लासवरून मी पाचला येते तेव्हा पट मांडून बसलेले असतात. म्हणून सांगते, तो नियम काढू नकोस. नवीन माणसाला तो बरा पडतो.

अब्बांना सलाम.

हेमांगी


जळगाव
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय हेमा,

तुझा सुरुंग मी मोईजला वाचून दाखवला. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "फुटला तर तुकडे कुठं जातील?" खरंच, कुठं जातील? तिथे ना हवा, ना जमीन. तुकडेही त्याच वेगाने, त्याच रेषेत पुढेच जाणार. एका गोळ्याचे शंभर गोळे होतील, थांबणार एकही नाही. हे तू मला शिकवायचंस, मी तुला नाही.

तरी तुझ्यासाठी मी तीन वाटा शोधल्या. एक, सुटल्यावर पहिल्या पाळीतच रद्द करता यावा, नंतर नाही. दोन, रद्द केला की सोडणाऱ्या यानाचा ताप दोनने वाढावा. तीन, पूर्ण डावात एकदाच रद्द करता यावा. तिन्ही करून पाहिल्या. दुसरी वाट बरी वाटते. यातली कुठलीही घे, मी कार्डं बदलते.

पण एक कळत नाही. किरणाची ताकद निम्मी केली तेव्हा तू एका शब्दाने बोलली नाहीस. छर्रे तर तू स्वतःच कमी केलेस. मग याच एका नियमाला एवढं का धरून बसली आहेस?

नाजमीन


धुळे
१३ ऑक्टोबर २०२५

नाजू,

तिन्ही नकोत.

पहिल्या पाळीत कोणाला काय कळतं? समोरचं तिसऱ्या पाळीलाच आडवं येतं. ताप वाढवलास तर रद्द करणाऱ्याला शिक्षा होते, आणि थांबवणाऱ्याला शिक्षा कशाला? एकदाच म्हणतेस, मग दुसऱ्यांदा माणसाने काय करायचं? बघत बसायचं?

लोक खेळायला बसतात ते जीव रमवायला. आपण सोडलेला गोळा कोणावर तरी पडताना बघत राहायला नाही. सगळंच मोजून मापून सारखं झालं पाहिजे असं थोडंच आहे? काही नियम माणसासाठी असतात.

दिवाळीत घरीच आहोत. नाना कुठे जात नाहीत, म्हणून मीही नाही.

हेमांगी


जळगाव
१ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमा,

दिवाळीत तुला त्रास द्यायचा नव्हता, म्हणून थांबले. तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात रागच जास्त आहे, कारण सापडलं नाही. शेवटी मला एवढंच समजलं की शिकवणाऱ्या बाईला चूक कबूल करणं जड जातं. कडू वाटलं तर वाटू दे. मला आता झोप लागत नाही आणि जेवणावर लक्ष नाही. लग्नसराई तोंडावर आहे, अब्बांना मी हवी आहे, आणि हातात महिना उरलाय.

मी रद्दचा नियम काढला आहे. नवी पेटी सोबत पाठवते. चौकटीत असं लिहिलंय: "जडगोळा सुटल्यावर थांबत नाही. म्हणून सोडण्याआधी सगळा पट नीट बघावा. थांबवता येतो असं ठाऊक असलं की सोडणारा बघतच नाही."

या नियमाने पंचवीस डाव झाले. तेरा-बारा. भाभी पहिल्यांदाच विचार करून गोळे सोडते आहे.

एकदा खेळून बघ. मग भांड.

नाजमीन


धुळे
६ नोव्हेंबर २०२५

नाजमीन,

पेटी मी क्लासमध्ये असताना आली. नानांनी उघडली, पुस्तिका वाचली आणि पट न मांडता झाकण लावून ठेवलं. तेव्हापासून ते पुन्हा खिडकीपाशी बसून असतात, मे महिन्यापूर्वी बसायचे तसे.

खेळ तुझा आहे, तुला हवं ते कर. पुस्तिकेवर माझं नाव घालू नकोस.

हेमांगी


धुळे
९ नोव्हेंबर २०२५

चि. नाजमीन हिस अभिमनकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अब्बांना माझा नमस्कार सांग. मी सातवी शिकलेला, पत्राची सवय नाही. चुकलं तर समजून घे. हे पत्र हेमांगीला न सांगता लिहितो आहे. तुमच्या दोघींत बोलणं बंद झालं ते माझ्यामुळे, हे मला ठाऊक आहे आणि तुला नाही.

तीन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत मी नरडाण्याहून सळया भरून जळगावला निघालो होतो. धरणगावच्या अलीकडे शेतातून एक गाडरस्ता डांबरी सडकेला लागतो. समोरून कापसाची ट्रॉली गेली, आणि तिच्या आडून सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन एक माणूस सडकेवर आला. मी ब्रेक मारला. भरलेली गाडी लगेच उभी राहत नाही. चाळीस हात पुढे गेली. माणसाचं नाव हिलाल. माझ्याच वयाचा होता. ॲम्ब्युलन्स यायच्या आत गेला. कोर्टाने मला निर्दोष सोडलं. मालक म्हणाला, कामावर या. पण मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. लांबच्या फेऱ्या सोड, जवळच्याही नाहीत. हेमांगीने तुला सांगितलं नसेल. बापाचं हे ती कोणालाच सांगत नाही.

मे महिन्यात तिने तुमचा खेळ घरी आणला. तीन वर्षांत मला कशात गोडी वाटली ती त्यात. दुसऱ्याच दिवशी माझा एक गोळा निघालेला होता आणि तिचं लहान यान त्याच्या वाटेत आलं. मला काय झालं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "त्याले रोक, पोरी. आते रोक." तिने पटकन गोळा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "नाना, हा रद्द करता येतो, तसा नियमच आहे." तसा नियम नव्हता. तिने तिथल्या तिथे केला. मला तेव्हाच कळलं होतं. पण बरं वाटत होतं, म्हणून मी पाच महिने गप्प राहिलो आणि प्रत्येक डावात गोळे रद्द करत राहिलो.

तुझी चौकट वाचली. तू लिहिलंस ते खरं आहे. तो थांबत नाही. नियम काढलास ते बरोबर केलंस, हेमांगीवर रागावू नकोस.

पण तुझ्या नियमातही एक उणीव आहे, ती गाडी चालवणाऱ्यालाच दिसेल. थांबवणं हातात नसतं, पण हॉर्न हातात असतो. तुझ्या खेळात हॉर्न नाही. असं कर: गोळा वाटेत असताना सोडणाऱ्याने हवं तर पुकारा करावा. पुकारा केला की वाटेतलं यान, कोणाचंही असो, एक घर सरकून घेईल. त्याबदली पुकारा करणाऱ्या यानाची एक पाळी जावी. करायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता जे लिहितो ते घरात कोणाला ठाऊक नाही. त्या गाडरस्त्यापाशी मी बावीस वर्षं प्रत्येक फेरीला हॉर्न दिला. त्या दिवशी दिला नाही. हात गेलाच नाही. का गेला नाही हे तीन वर्षं शोधतो आहे. डोळ्यांवर झोप नव्हती, दारू मी पीत नाही, फोन खिशात होता. कारण सापडत नाही. कोर्टात ब्रेकचं विचारलं, वेगाचं विचारलं, हॉर्नचं कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुला का सांगतो आहे? तुझ्या पुस्तिकेत प्रत्येक शस्त्रापुढे कारण लिहिलं आहे ना. पुकाऱ्याचं कारण हे आहे. छापू नकोस, पण तुला ठाऊक असावं.

अभिमन


जळगाव
१५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय नाना,

सलाम. तुमचं पत्र प्रेसमध्ये वाचलं आणि मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. अब्बांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शाईचा वास चढला.

हेमाला मी नको ते लिहिलं. चूक कबूल करणं जड जातं, असं तिला लिहिलं. ती काय सांभाळत होती ते मला दिसलं नाही.

तुमचा पुकारा आम्ही लगेच खेळून पाहिला. वीस डाव झाले, अकरा-नऊ. आयत भाभीने त्यात एक खोच काढली. ती मुद्दाम पुकारा करून समोरच्याला जागेवरून हलवते आणि तो सरकेल तिथे दुसऱ्या यानातून किरण सोडते. मोईज चिडला, पण एक पाळी गेल्यामुळे भाभीलाही ते दर वेळी परवडत नाही. या नियमामुळे लोक पटावर एकमेकांशी बोलायला लागले. आम्ही दोघी दोन वर्षं या शस्त्राशी झगडतो आहोत, आम्हाला हे सुचलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टीबद्दल काय लिहू? मी हेमाला सांगणार नाही, ते माझं सांगणं नाही. पण नाना, तिच्यापासून हे लपवून तिच्याशी पुन्हा नीट बोलणं मला जमणार नाही. तुम्ही सांगा. मी वाट बघते.

तुमची,
नाजमीन


धुळे
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाजू,

आधी कामाचं. पुकाऱ्याचा नियम पक्का कर आणि पुण्याला पाठव. पुकारा झाल्यावर सरकलेलं यान त्याच पाळीत शस्त्र चालवू शकतं का, हे पुस्तिकेत कुठेच नाही. माझ्या मते चालवू नये, नाहीतर लोक आपसांत ठरवून पुकारे करतील. आणि माझं नाव राहू दे. नानांचं घालू का विचारलं तर नको म्हणाले.

तू सुचवलेल्या तीन वाटा मी वाचूनच फेकल्या होत्या. घरी माझ्यासमोर एक माणूस तीन वर्षांनी हसायला लागला होता आणि तू मला ताप दोनने वाढवायला सांगत होतीस. तुला सांगितलं असतं तर तू लगेच समजून घेतलं असतंस, हेही मला ठाऊक होतं. पण सांगितलं की ते खरं होतं, म्हणून सांगत नव्हते.

नानांनी मला मागच्या मंगळवारी सांगितलं. तुझं पत्र त्यांच्या हातात होतं. मी आधी त्यांच्यावर चिडले, मग तुझ्यावर, कारण तुला माझ्याआधी कळलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. शुक्रवारी सकाळी नाना म्हणाले, "धरणगावले जाणं शे. येस का?" मी क्लासला सुटी टाकली.

एसटीने गेलो. पुढे रिक्षाने. नाना रिक्षात चालकाशेजारी बसले नाहीत, मागे माझ्याजवळ बसले आणि त्या गाडरस्त्यापाशी त्यांनी मान खाली घातली. हिलालचं घर गावाच्या टोकाला आहे. दारात त्याचा मुलगा होता, योगेंद्र, माझ्याच वयाचा. त्याने नानांना ओळखलं, कोर्टात पाहिलेलं. म्हणाला, "कशाला आलात?" नाना म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय."

आत त्याची आई कापूस निवडत बसली होती. कोकिळाबाई. तिने बसा म्हटलं नाही, निघाही म्हटलं नाही. नाना उभ्यानेच बोलले. ब्रेक मारला पण हॉर्न दिला नाही, एवढंच. दोन वाक्यं. त्यासाठी त्यांना तीन वर्षं लागली होती.

योगेंद्र म्हणाला, "मग कोर्टात का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला पाहिजे होतं."

"आता सांगून काय उपयोग?"

"काही नाही," नाना म्हणाले. योगेंद्र एक पाऊल पुढे आला. मला वाटलं हात उचलतो की काय. पण तो वळला आणि अंगणात निघून गेला. मी नानांचा हात धरला, म्हटलं, चला.

तेवढ्यात कोकिळाबाईंनी विचारलं, "तुम्ही त्यास्नाजवय व्हतात का? शेवटले?"

नानांनी मान हलवली. हो, ते रस्त्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पाव तास. हे मलाही नवीन होतं.

"काही बोलनात का?"

नाजू, तीन वर्षांत त्या बाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. पोलिसांनी नाही, दवाखान्यात नाही. तिला वाटत होतं, तो जागच्या जागी गेला, एकटाच. नाना खाली बसले. म्हणाले, "पाणी मांगं. मी दिधं. मग म्हणनात, म्हैस बांधानी राही गई."

"हाईच?"

"हाईच. दोनदा म्हणनात."

तिने हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाली, "मी बांधेल व्हती." म्हैस तिने बांधली होती, हे तिने नानांना नाही, जिथे तो बसत असेल त्या कोपऱ्याकडे बघून सांगितलं. नंतर तिने पदराने तोंड पुसलं, दाराकडे वळली आणि अंगणात हाक मारली.

"योगेंद्र, आठे ये. तुना आबा काय बोलनात ते ऐक."

हेमा